पाचव्यांदा ‘अर्धी बादली’

आमच्या सोसायटीत कुणाच्या हातात बादली दिसली, की घरतकाका जागच्या जागी थांबतात. दोन्ही हातांची बोटं जुळवून डोळ्यांपुढे चौकट धरतात, एक डोळा मिटतात आणि त्या माणसाला म्हणतात, “जरा परत जा. आणि तिकडून ये बघू.” गाड्या धुणारा बिचारा परत जातो आणि येतो. फरशी पुसायला येणाऱ्या बायका जात नाहीत. त्या बादली खाली आपटतात आणि काकांना काय ते सुनावतात. आजवर तीन बायकांनी आमच्या बिल्डिंगची कामं सोडली, आणि तिघींनी कारण एकच सांगितलं: चौथ्या मजल्यावरचे ते काका जिना दोनदा चढायला लावतात.

मी खांदेश्वरला राहतो, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही. मी दुसऱ्या मजल्यावर, काका चौथ्यावर. एकनाथ घरत मूळचे करंजाड्याचे. वीज खात्यातून मीटरचे आकडे घेत घेत निवृत्त झाले. ही जगाची समजूत. स्वतः काकांच्या मते ते आधीपासून दिग्दर्शकच होते आणि मीटर मधल्या वेळात बघत होते.

पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी एक सिनेमा काढला. एकतीस मिनिटांचा. नाव ‘अर्धी बादली’. त्यानंतर त्यांनी दुसरा सिनेमा काढला नाही. तोच पुन्हा काढला. मग पुन्हा काढला. मग पुन्हा. यंदाच्या आधी चार वेळा काढून झाला होता आणि चारही वेळा मी त्यात ‘तरुण एक’ होतो. पहिल्या वेळी मी बावीस वर्षांचा होतो, आता सत्तेचाळीसचा आहे. पोट सुटलंय, केसांना कलप लावतो, बँकेत लोक मला ‘साहेब’ म्हणतात. काकांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, “मूळ संच बदलायचा नसतो. तू श्वास आत घे.” तरुण दोन पुढे कॅनडाला गेला. चौथ्या वेळी त्याला मोबाइलवर बोलावून मोबाइल स्टुलावर उभा केला होता, आणि मी त्या स्टुलाशी पाण्यावरून भांडलो होतो.

गोष्ट तशी साधी. नवी बिल्डिंग, नळ आहेत पण नळाला पाणी नाही. दोन दिवसांनी टँकर येतो. खाली झुंबड उडते, दोन तरुणांची हमरीतुमरी होते. चौथ्या मजल्यावर एक म्हातारी आहे, तिला उतरवत नाही. एक माणूस आपली बादली भरून तिच्यासाठी चार मजले चढतो. चढताना पाणी हिंदकळतं आणि वर पोचेपर्यंत बादली अर्धी होते. म्हातारी म्हणते, “अर्धीच का रे, बाळा?” आणि त्यातलंच तांब्याभर त्याला प्यायला देते. आम्ही सगळे तेव्हा नुकते राहायला आलो होतो आणि पाण्याचे असेच हाल होते. त्यामुळे कथेसाठी काकांना लांब जावं लागलं नव्हतं.

खोट एकच होती. तो माणूस जिना चढतो, तेवढाच भाग सिनेमात नव्हता. खाली बादली भरताना एक हात दिसतो. पुढच्या क्षणाला म्हातारी चौथ्या मजल्यावर अर्ध्या बादलीकडे बघत असते. बादली कोणी आणली, पाणी कुठे सांडलं, काही पत्ता नाही. म्हणजे ज्या गोष्टीवरून नाव ठेवलं तीच गोष्ट गायब. सत्यनारायणाच्या दिवशी खाली पार्किंगमध्ये पांढरी चादर बांधून पहिला खेळ झाला, तेव्हा माझ्या वडिलांनी भर गर्दीत हे विचारलं होतं. काका म्हणाले, “प्रेक्षकानं कल्पना करायची असते.” वडील शेवटपर्यंत ती कल्पना करत होते.

आता एवढी मोठी खोट असताना माणूस पुन्हा काढतो तर ती भरून काढेल, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटलं. दुसऱ्या वेळी काकांनी सोसायटीच्या वॉचमनला जिना चढायला लावला. तो तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला आणि काकांनी हात वर केला. “नाही. तो असा चढायचा नाही.” तिसऱ्या वेळी नेरूळचा एक हौशी नट आणला. तो पहिल्या पायरीपासूनच हुंदके देत चढला. काका म्हणाले, “हा अभिनय करतोय. तो अभिनय करायचा नाही.” चौथ्या वेळी बादली माझ्या गळ्यात आली. दुसऱ्या मजल्यावर माझा पाय घसरला, सगळं पाणी माझ्याच घरात शिरलं, आणि पाठीत उसण भरून मी आठ दिवस पालथा पडून होतो. काका बघायला आले. उशाशी बसून म्हणाले, “पडलास ते छान पडलास. पण तो पडायचा नाही.”

हा ‘तो’ कोण, हे एकदाही विचारायची आम्हाला बुद्धी झाली नाही. पटकथेतला असेल असं आम्ही धरून चाललो होतो. तर चारही सिनेमे त्या एका भोकासकट लागले आणि लोकांनी चारही वेळा तोच प्रश्न विचारला.

माझी बायको मीनल सिनेमे खूप बघते. तिचं म्हणणं, मोठमोठ्या दिग्दर्शकांनासुद्धा आपलाच सिनेमा पुन्हा काढायची हुक्की येते, आणि बहुतेकदा पहिला तोच बरा असतो. पैसा वाढतो, रंग वाढतात, जीव मात्र कमी होतो. हे तिनं एकदा काकांना ऐकवलं. काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

“दुसऱ्यानं काढला तर तो रिमेक,” ते म्हणाले. “आपला आपण काढला तर ती दुरुस्ती. आईची भाजी खारट झाली, तर शेजारीण येऊन दुसरी टाकते का? आईच टाकते. कारण मीठ किती पडलं ते तिलाच माहीत.”

“आई तीच भाजी पंचवीस वर्षं टाकत नाही, काका,” मी म्हणालो.

“कारण तिची दुसऱ्यांदा जमते,” काका म्हणाले आणि बिस्किट बुडवलं.

बरं, माणूस हेकट म्हणावा तर भांडतही नाही. नुसता मानगुटीवर बसतो. सकाळी मी बँकेत निघालो की जिन्यात उभे. “सुहास, केस कापू नकोस. सलगता जाईल.” संध्याकाळी गच्चीवर. पहिल्या सिनेमात गच्चीवरून डोंगर दिसतो. तो डोंगर विमानतळासाठी केव्हाच सपाट केला. काका तरी त्या रिकाम्या आकाशापुढे चौकट धरून म्हणतात, “डोंगराचं काहीतरी बघायला पाहिजे.” जसा काही तो सेक्रेटरीनं कुठेतरी ठेवलाय आणि सापडत नाहीये. आता वरून विमानं जायला लागली, तर विमानांवरही राग. “तेव्हा विमानं नव्हती,” ते वर बघून विमानालाच सांगतात.

यंदा आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. मीटिंगला कधी नव्हे ते सगळे हजर. कुणी विचारतंय एरिया किती वाढणार, कुणी विचारतंय पार्किंग किती. घरतकाकांनी हात वर केला.

“जिना राहील का?”

सेक्रेटरी म्हणाले, “काका, नव्या टॉवरला तीन लिफ्ट आहेत.”

“लिफ्ट नको. हा जिना राहील का?”

“बिल्डिंगच पाडणार, तर जिना कसा राहील?”

काका खाली बसले. घरं तीन महिन्यांत रिकामी करायची ठरली. मला मनातून जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. जिना गेला की सिनेमाही गेला. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून मी त्या दिवशी निवांत जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बेल वाजली. दारात काका, हातात ती जुनी निळी बादली. “रविवारपासून सुरू करू,” म्हणाले. “तरुण एक, श्वास आत.”

माझा तोल गेला. वय बघता मी तसं बोलायला नको होतं, पण बोललो. “काका, पुरे आता. कोळसा उगाळावा तितका काळाच. एकदा चुकलं, दोनदा चुकलं, चारदा त्याच जागी चुकलं. ज्यानं बिघडवलं त्याच्याच हातात पुन्हा पुन्हा देऊन काय सुधारणार आहे? तुम्ही पन्नास वेळा काढलात तरी तो जिना रिकामाच राहणार. मी येणार नाही.”

काका रागावले नाहीत. बादलीची कडी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, “वर येतोस? एक मिनिट.”

वर त्यांच्या घरी काकू गवार मोडत बसल्या होत्या. काकांनी टीव्हीला एक पेन ड्राइव्ह लावला. “जुनी कॅसेट होती. भरून आणली,” एवढंच म्हणाले.

पडद्यावर आमचा जिना आला. नवाकोरा, भिंतींना पिवळा चुना. एक तिशी-पस्तिशीचा माणूस, पट्ट्यांचा शर्ट, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्यानं काठोकाठ भरलेली बादली उचलली, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि कॅमेऱ्याकडे बघून किंचित हसला. आणि एकदम धाडकन बेंजो सुरू झाला. जिना गायब. हळदीनं माखलेले शंभरेक लोक मांडवात नाचतायत, नवऱ्याला कुणी खांद्यावर घेतलंय, एक जाडा माणूस डोक्यावर बाटली ठेवून कंबर हलवतोय.

मी काकांकडे बघितलं.

“चार सेकंद राहिली,” ते म्हणाले. “बाकीच्यावर हळद चढली.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कॅमेरा पनवेलच्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याचा होता. भाड्याच्या बदल्यात काकांनी त्याच्यासाठी पडघ्याची एक हळद शूट करून द्यायची, असा व्यवहार. घाईत त्यांनी कोऱ्या कॅसेटऐवजी जिन्याची कॅसेट कॅमेऱ्यात घातली. कळलं तेव्हा खेळाला दोन दिवस राहिले होते. आणि जिना चढणारा तो माणूस त्यांचा धाकटा सख्खा भाऊ होता, बाळाराम.

“नऊ टेक घेतले मी त्याचे, तुम्ही सगळे कामावर गेलेले तेव्हा,” काका म्हणाले. “चार मजले, भरलेली बादली, नऊ वेळा. एका शब्दानं बोलला नाही. नवव्याला बादली वर आली ती मोजून अर्धी.”

खेळाच्या दिवशी बाळाराम आपली सासरवाडी घेऊन आला. उरणकडची बावीस माणसं, टेम्पो करून. जावई सिनेमात आहे म्हणून सासरेबुवा नवा फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले. आणि एकतीस मिनिटांत जावयाचा एक हात दिसला.

“खेळ संपून तुम्ही सगळे पांगल्यावर त्यानं सासरवाडीसमोर विचारलं, माझा सीन कुठंय. आता मी काय सांगू? स्वतःच्या सिनेमावर मी स्वतः हळद घेतली असं सांगू? लोक आयुष्यभर हसले असते. मी म्हणालो, कापला. तू कमी पडलास.”

काकूंनी गवार बाजूला ठेवली. त्यांना हे माहीत असावं, कारण त्या काकांकडे बघत नव्हत्या.

बाळाराम तिथून उठून गेला तो परत या बिल्डिंगमध्ये आला नाही. मधे आई गेली. पहिल्या सिनेमातली म्हातारी म्हणजे यांची आईच. तिच्या दहाव्याला दोघं भाऊ शेजारी शेजारी उभे राहिले आणि शब्द बोलले नाहीत. प्रत्येक वेळी सिनेमा पुन्हा काढायचा ठरला, की काका करंजाड्याला निरोप धाडत: जिन्याचा रोल तुझा आहे, ये. तो येत नसे. मग काका दुसऱ्या कुणाला तरी चढवत आणि म्हणत, तो असा चढायचा नाही.

मला राग आवरेना. पंचवीस वर्षं. माझी पाठ, मीनलची भिजलेली सतरंजी, स्टुलाशी घातलेला वाद. “अहो, मग एकदा खरं सांगून टाकायचं होतंत की,” मी म्हणालो. “सिनेमा कशाला काढत बसलात?”

“तेच जमत नाही म्हणून तर सिनेमा,” काका म्हणाले.

रविवारी मी त्यांना स्कूटरवर मागे घालून करंजाड्याला नेलं. नेलं म्हणजे अक्षरशः नेलं. वाटेत दोनदा त्यांनी ‘उजेड चांगला नाही, परत फिरू’ म्हणून बघितलं.

बाळारामनं जुन्या घराच्या जागी चार मजले चढवलेत. वर भाडेकरू, खाली स्वतः, आणि अंगणात वीस लिटरच्या पाण्याच्या जारची रास. ‘घरत वॉटर सप्लाय’ असा बोर्ड. वाढत्या वस्तीला पाणी पुरत नाही, तर हा माणूस वीस वर्षं जिने चढून घराघरांत पाणी पोचवतोय. मला हसू येणार होतं, पण त्याचा चेहरा बघून थांबलो. साठीचा माणूस, बनियन, कपाळावर चष्मा, हातात ब्रश. जारवर नंबर रंगवत होता. भावाला बघून तो उठला नाही. त्याच्या बायकोनं दोन खुर्च्या मांडल्या.

“त्याला इचार, पानी घ्यावाचा हाय का,” बाळाराम मला म्हणाला. काका त्याच्यापासून चार फुटांवर बसले होते.

“सांग त्याला, घेतो,” काका मला म्हणाले.

सहा सहा महिने कर्जाचा हप्ता न भरणारी माणसं समोरासमोर बसवून मी बँकेत बोलतं करतो, पण असा दुभाषा कधी झालो नव्हतो. काकांनी तांब्या तोंडाला लावला आणि मग सुरुवात केली. नमनाला घडाभर तेल. आधी जिना पाडणार आहेत ते. मग सकाळच्या उजेडाचं. मग नवीन कॅमेरा कमी उजेडातही कसा चालतो ते. बाळाराम नंबर रंगवत राहिला. अकरा, बारा, तेरा.

“काका,” मी म्हणालो, “सांगताय, की मी सांगू?”

काकांनी खिशातून मोबाइल काढला आणि भावापुढे धरला. बाळारामनं चष्मा खाली ओढला. पट्ट्यांचा शर्ट, पहिली पायरी, हसू. मग बेंजो.

“ह्यो पडग्याचा पांडू ना?” बाळाराम म्हणाला. “बाटली डोक्यावर घेनारा?” आणि मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं ते परत लावलं. मग आणखी एकदा. मग पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता सरळ भावाकडे बघितलं.

“म्हंजे मी वाईट नवतो?”

“नव्हतास,” काका म्हणाले. “तुझ्यासारखा कोण परत मिळाला नाय.”

“मंग कमी पडलास कनाला बोल्लास?”

“कमी मी पडलो. लोक मना हसतील म्हनून तुझ्या माथी मारला.” आजवर कधी न ऐकलेली त्यांची घरची बोली त्या वाक्यात बाहेर आली. “चुकला माझा, बाळा.”

बाळारामनं ब्रश डब्यात बुडवून ठेवला. दारातून त्याची बायको म्हणाली, “मी तवाच बोल्लेली, हात चांगला होता. हात मी वलखला.”

“बावीस मानसं व्हती, दादूस,” बाळाराम खाली बघत म्हणाला. “सासरा परत कंदी सिनेमाचा नाव काढत नवता. मना वाईट वाटंल म्हनून.”

काकांनी डोळे पुसले. लपवले नाहीत. मी स्कूटरचा आरसा नीट करत बसलो. मग बाळारामनं तेरावर बोट ठेवून रंग वाळला का बघितलं आणि विचारलं, “कंदी येवाचा?”

पुढच्या रविवारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, पट्ट्यांचाच, नवा घेतलेला. गुडघ्याला पट्टा. काकांनी सगळी बिल्डिंग सकाळी आठला जिन्याच्या कठड्याला उभी केली होती. आईच्या जागी म्हातारी म्हणून काकू चौथ्या मजल्यावर दारात. मी तरुण एक, श्वास आत. विमान येईना म्हणून काका खूश होते.

बाळारामनं बादली काठोकाठ भरून घेतली, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला. तेच हसू, दात दोन कमी. मग चढायला लागला. पहिला मजला. दुसरा. प्रत्येक वळणावर थांबायचा, गुडघा दाबायचा, बादली या हातातून त्या हातात घ्यायचा आणि पुन्हा चढायचा. काका मागे कॅमेरा घेऊन. माझ्या दारावरून ते दोघं गेले तेव्हा दोघांचाही श्वास ऐकू येत होता. तिसऱ्या मजल्यावर सेक्रेटरी ‘सावकाश’ म्हणाले, त्यांना सगळ्यांनी गप्प केलं.

चौथ्या मजल्यावर त्यानं बादली काकूंपुढे ठेवली. आणि आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं की घोळ झालाय.

बादली भरलेली होती. काठोकाठ. वीस वर्षं जिन्यांवरून पाणी नेणारा माणूस तो, एक थेंब सांडला नव्हता.

काकूंना चार सिनेमांचं पाठांतर. त्यांनी भरलेल्या बादलीकडे बघून ठरलेलं वाक्य म्हटलंच, “अर्धीच का रे, बाळा?”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मी डोळे मिटले. आता काका हात वर करणार, ‘पुन्हा’ म्हणणार, आणि हा साठीचा गुडघेवाला माणूस आणखी आठ वेळा चढणार. पंचवीस वर्षांत त्यांच्या तोंडून आम्ही दुसरा शब्द ऐकला नव्हता. बाळारामलाही ते माहीत असावं. त्यानं धापा टाकत विचारलं, “दादूस, अर्धी वतू का?”

काकांनी कॅमेरा खाली घेतला.

“नको,” म्हणाले. “राहू दे. ओके.”

ओके. हा शब्द ऐकून वॉचमनसुद्धा जिन्यात येऊन बघून गेला.

घरं रिकामी करायच्या आदल्या आठवड्यात खेळ ठेवला. तीच जागा, पार्किंग. तशीच पांढरी चादर. सेक्रेटरींचं म्हणणं, बादली पूर्ण आहे तर नाव तरी बदला. काका म्हणाले, “नाव तेच. मूळ दिग्दर्शक मी आहे.” मीनलनं हौसेनं डोंबिवलीहून आपल्या भावाला आणि वहिनीला बोलावलं होतं, नवरा पाचव्यांदा सिनेमात आहे म्हणून. आणि सुरू होण्याआधी काका माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “सुहास, तुझा सीन कापला.”

“कापला, की हळद?” मी विचारलं.

“नाही, खरंच कापला. तू कमी पडलास.”

माझी काय अवस्था झाली असेल ते तुम्हीच बघा. पंचवीस वर्षं या माणसासाठी श्वास आत घेतला. मेव्हण्यासमोर तोंड कुठे लपवू हे कळेना. त्यात खुर्च्या कमी पडल्या. अर्धी सोसायटी उभी, आणि पहिल्या दोन रांगांत ओळीनं मांडलेल्या खुर्च्यांतल्या आठ-नऊ चक्क रिकाम्या. काकांनी सकाळपासून त्या कुणाला हलवू दिल्या नव्हत्या. बाळारामची सासरवाडी टेम्पोतून उतरून मधे मधे बसली होती. बाळाराम आणि त्याची बायको कडेला. मला वाटलं, आणखी कुणी यायचं असेल. दिवे मालवले, पडद्यावर टँकर आला, तरी कुणी येईना. माझी पाठ दुखायला लागली होती, रागही होताच. मी सरळ पुढे गेलो आणि पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीत बसलो.

काका अंधारातून आले आणि माझ्या खांद्याला हात लावला.

“ऊठ, सुहास. ती बाळारामच्या सासऱ्यांची आहे.”

बाळारामचे सासरे जाऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. मला ते माहीत होतं, काकांनाच जास्त माहीत होतं. मी बसल्या बसल्या खुर्च्या मोजल्या. बावीस होत्या.

मी उठलो. पडद्यावर बाळारामनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला होता. सगळे तिकडे बघत होते, फक्त काकांची पाठ पडद्याकडे होती. ते त्या दोन रांगांकडे बघत होते, एकेका खुर्चीकडे, भरलेल्या आणि रिकाम्या. मी त्या मधल्या खुर्चीमागे जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवले आणि सिनेमा उभ्यानं बघितला.